माल पडून आहे, म्हणून गिऱ्हाईक नाही?

कन्सोलचा, म्हणजे गेम खेळण्यासाठीच्या खास यंत्राचा, जमाना संपला, असा निकाल आपल्याकडे लागलेला आहे. निमित्त अमेरिकेतल्या आकड्यांचं. २०२५ चा नोव्हेंबर, म्हणजे तिकडचा ऐन खरेदीचा हंगाम, आणि त्या महिन्यात देशभरात मिळून जेमतेम १६ लाख गेम कन्सोल विकले गेले. १९९५ नंतर इतका मंद नोव्हेंबर त्या बाजाराने पाहिला नव्हता. तोही कुठल्या वर्षी? ज्या वर्षी ५ जूनला निन्टेंडो या जपानी कंपनीचा स्विच-२ हा कन्सोल आला, पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाखांवर खपला आणि विक्रमाच्या बातम्या झाल्या, त्याच वर्षी. नवाकोरा कन्सोल बाजारात आणि दुकानं थंड! हे आकडे इकडे पोचले आणि ठाण्या-वाशीतल्या गेमवाल्या मंडळींत वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, मोबाइलने कन्सोल गिळला, आता रडारड नको. दुसरी बाजू, जिच्या घरी दोन-दोन कन्सोल आहेत, ती म्हणते की आपल्या लोकांना सगळं फुकट हवं असतं, पन्नास हजारांचं यंत्र घेणं हे त्यांचं कामच नव्हे. पुरावा म्हणून दोघंही बोट दाखवतात ते एकाच गोष्टीकडे: मॉलमधल्या शोरूममध्ये आणि नौपाड्यातल्या दुकानांत कन्सोलची खोकी महिनोन्महिने तशीच पडून आहेत.

खोकी पडून आहेत हे खरं. त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र मला साफ चुकीचे वाटतात. दुकानात पडून राहिलेला माल एवढंच सांगतो की या किमतीला, या अटींवर, आज तो कोणी न्यायला तयार नाही. लोकांना ती वस्तू हवी आहे की नको, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं की कन्सोलच्या धंद्यातली जवळजवळ सगळी जोखीम गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकाच्या आणि किरकोळ दुकानदाराच्या गळ्यात टाकली गेली आहे, आणि गिऱ्हाईक ती घ्यायला नकार देतंय. हिशेब करून, पूर्ण शुद्धीत नकार देतंय.

आधी किमतीचं बघू, कारण वादात तिचा उल्लेख येतो पण मागचा इतिहास कोणी काढत नाही. पूर्वी कन्सोल ही वर्षागणिक स्वस्त होत जाणारी वस्तू होती. सोनीचा प्लेस्टेशन-२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ चा झाला आणि २००९ मध्ये ९९ चा. जगभरात तो १६ कोटींवर खपला. दुसऱ्या कुठल्याही कन्सोलला अजून तो आकडा गाठता आलेला नाही. त्यात या उतरत्या किमतीचा वाटा मोठा. पहिल्या वर्षी शौकीन घ्यायचे, तिसऱ्या वर्षी नव्याने नोकरीला लागलेला दादा घ्यायचा, आठव्या वर्षी कोणाचे तरी बाबा दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून घ्यायचे. आता गाडी उलटी चाललीय. प्लेस्टेशन-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच ५४,९९० झाला. मायक्रोसॉफ्टचा ४९९ डॉलरचा एक्सबॉक्स सिरीज एक्स अमेरिकेत २०२५ या एकाच वर्षात दोनदा महागून ६४९ वर गेला, तोही पाच वर्षं जुना झालेला असताना. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकन गिऱ्हाईक एका कन्सोलला सरासरी २३५ डॉलर मोजत होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये ४३९. मग त्या १६ लाखांचं आश्चर्य कसलं? शौकीन घेऊन मोकळा झाला. दादासाठी आणि बाबांसाठी ज्या पायऱ्या होत्या त्या काढून घेतल्या.

कंपन्या निव्वळ हावरटपणा करतायत, असं मी म्हणणार नाही. चिप जसजशी लहान होते तसतशी स्वस्त होते, हा जुना हिशेब आता जुळत नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा उपसलाय की साध्या रॅमचे भाव चढलेत. अमेरिकेत आयात शुल्काचा भुर्दंड आहे. आपल्याकडे सीमाशुल्क आहे आणि त्यावर जीएसटी. (हा जीएसटी आधी २८ टक्के होता, डिसेंबर २०१८ मध्ये परिषदेने कन्सोलवरचा दर १८ टक्क्यांवर आणला. तेवढी सवलत सरकारकडून मिळाली, हेही नोंदवायला हवं.) हे सगळं मान्य. पण खर्च वाढला, हे किंमत वाढण्याचं कारण झालं. त्यावरून गिऱ्हाइकाची आवडच मेली, हे कसं सिद्ध होतं? कांदा शंभरी गाठतो तेव्हा ठाणेकरांना कांदा आवडेनासा झाला, असा शोध जांभळी नाक्यावर कोणी लावत नाही.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न येतो. किमती वाढतच जाणार असतील तर लोकांनी उलट घाई करायला हवी. उद्या साठ हजार होणार म्हणून आज पंचावन्नला उचलावा. तसं का होत नाही? कारण यंत्राची किंमत ही फक्त प्रवेश फी आहे. प्लेस्टेशन-५ चे मोठे नवे गेम भारतात ४,९९९ रुपयांना आले. दहा गेम घेतले की कन्सोलइतकी रक्कम पुन्हा गेली. स्विच-२ बरोबर आलेला मारिओ कार्ट वर्ल्ड हा गेम अमेरिकेतच ८० डॉलरचा. ऐरोलीत नोकरी करणारा, घरचा हप्ता भरणारा माणूस जेव्हा कन्सोलचा विचार करतो तेव्हा तो पंचावन्न हजारांचा विचार करत नसतो, तीन वर्षांत जाणाऱ्या लाख-सव्वा लाखाचा करत असतो. आणि एवढी रक्कम घालताना त्याला प्रश्न पडतो की हे अंगाशी आलं तर परत किती मिळतील?

याच प्रश्नावर घोडं अडलंय. नौपाड्यात, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, अशी दोन-चार दुकानं आहेत. अरुंद, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. कपाटाच्या वरच्या फळीवर नवे कन्सोल, सील न फोडलेले, खोक्याचा निळा रंग काचेकडच्या बाजूला फिकट पडलेला. खालच्या तीन फळ्यांवर वापरलेल्या सीड्या. त्यांतल्या एखाद्या सीडीच्या खोक्यावर किमतीची तीन-तीन स्टिकरं एकावर एक चिकटवलेली दिसतात. कोपरा उचलून बघितलं तर खाली जुना, चढा भाव असतो. दुकान चालतं ते या खालच्या फळ्यांवर. नव्या कन्सोलमध्ये दुकानदाराला फार सुटत नाही, पण वापरलेली सीडी तीन हजारांना द्यायची, गेम संपवून गिऱ्हाईक परत आलं की दोन-अडीचला घ्यायची, पुन्हा विकायची, यात तो जगतो. गिऱ्हाईकही जगतं, कारण पाच हजारांचा गेम त्याला प्रत्यक्षात पाचशे-सातशेला पडतो. जोखीम वाटून घेण्याची ही सोय कोणत्या धोरणाने केलेली नाही, ती गल्लीने केलेली आहे.

आणि नेमकी हीच सोय मोडली जातेय. डिजिटल आवृत्तीच्या यंत्राला सीडीची फटच नाही. त्यावर घेतलेला गेम ना विकता येतो, ना मित्राला देता येतो. प्लेस्टेशन-५ प्रो मूळ खोक्यात डिस्क ड्राइव्हशिवायच येतो, ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा. स्विच-२ च्या कित्येक गेमच्या कार्डात अख्खा गेम नसतो, नुसती किल्ली असते; कार्ड घालायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. कंपनीच्या बाजूने यात तथ्य आहे, कार्डातली मेमरी महाग पडते. पण गिऱ्हाइकाच्या हातात काय उरलं? निन्टेंडोचं तर भारतात अधिकृत दुकानच नाही. स्विच-२ घ्यायचा म्हणजे बाहेरून आलेला पीस. "बिलासकट की बिलाशिवाय?" हा पहिला प्रश्न. वॉरंटी कोणाची, तर दुकानाची, म्हणजे दुकानदाराच्या शब्दाची. ऑनलाइन गेम घ्यायला खातं दुसऱ्या देशाच्या नावाने उघडायचं आणि गिफ्ट कार्डाचे कोड शोधत फिरायचं. एवढं सगळं करून जे लोक घेतात त्यांना मी हौशी म्हणेन. जे घेत नाहीत त्यांना दोष द्यायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

निदान आधी हातात घेऊन बघता यावं? मॉलमधल्या शोरूममध्ये कन्सोल मांडलेला असतो. कंट्रोलर वायरने टेबलाला बांधलेला, टीव्हीवर जाहिरातीची चित्रफीत फिरून फिरून लागलेली. खेळायला मागितलं तर "सर, डेमो बंद आहे." त्याच मजल्यावर दोन हजारांच्या इअरफोनचे सहा नमुने कानात घालून बघता येतात. पन्नास हजारांची वस्तू न वापरता घ्या, आवडली नाही तर तुमचं नशीब, हा व्यवहार आपण दुसऱ्या कुठल्या खरेदीत चालवून घेतो?

आता मोबाइलचा मुद्दा. विरोधी बाजूचा हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की गेम खेळण्यासाठी वेगळं यंत्र लागतं ही कल्पनाच एका अख्ख्या पिढीला परकी झाली. ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद गाडीत डब्याच्या दारापासून खिडकीपर्यंत बीजीएमआय, लुडो, कँडी क्रश चाललेलं दिसतं. फोन आधीच खिशात आहे, गेम उतरवायला पैसा लागत नाही. टीव्ही हॉलमध्ये एकच, त्यावर सातनंतर सासूबाईंच्या मालिका आणि एप्रिल-मे मध्ये आयपीएल. कन्सोलला वेळ कोण देणार? वन-बीएचकेचं हे गणित मला तोंडपाठ आहे, आणि ते खोटं नाही.

पण फुकट करमणूक मिळाली की पैसे मोजून घ्यायची करमणूक मरते, हा नियम खरा असता तर गडकरी रंगायतन केव्हाच बंद पडायला हवं होतं. घरोघरी रोज संध्याकाळी चार-चार मालिका फुकट दिसत असताना रविवारी दुपारी लोक तलावपाळीला येतात, काहीशे रुपयांचं तिकीट काढतात आणि नाटक बघतात. नाटकाची ताकद हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की नाटक पडलं तर प्रेक्षकाचे काहीशे रुपये आणि तीन तास जातात, बाकीची जोखीम निर्मात्याची. प्रेक्षकाला आधी पन्नास हजारांची खुर्ची विकत घ्यायला लावली असती, तर मराठी माणसाचं नाटकवेड कुठवर टिकलं असतं?

शिवाय मोबाइल गेम फुकट आहे, हेही आता नीट तपासायला हवं. बीजीएमआयमधल्या यूसीसाठी, म्हणजे गेममधल्या चलनासाठी, कपड्यांसाठी, बंदुकीच्या रंगासाठी मुलं आई-वडिलांच्या यूपीआयवरून किती लहान लहान रकमा घालवतात, याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही. कन्सोलचे पंचावन्न हजार एकदम दिसतात म्हणून डोळ्यांत खुपतात. आणि भरवशाचं म्हणाल तर पबजी मोबाइल सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, बीजीएमआय नावाने जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. नव्वद सालातली कॅसेट फुंकर मारून आजही चालते. तिला कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे "आपले लोक फुकटे" वाल्यांचं, ऐकून मला जास्त राग येतो, कारण ते आपल्यातलेच आहेत. त्यांच्या बोलण्यात खरं काय आहे? नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जो टीव्ही व्हिडिओ गेम होता तो बहुतांशी निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होता आणि एका कॅसेटमध्ये ९,९९९ गेम असल्याची थाप त्यावर छापलेली असायची. पुढे प्लेस्टेशन-२ आला तो बहुतेक घरांत नकली सीडी चालावी म्हणून चिप बसवून आला, आणि स्टेशनबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत नकली सीड्या मिळायच्या. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलं की काय हवं ते मिळायचं. जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी हा गेम माहीत नसलेला तिशी-चाळिशीतला माणूस आपल्याकडे विरळा, आणि त्याची मूळ प्रत विकत घेतलेला त्याहून विरळा. हे सगळं झालं, ते लपवायचं कशाला?

मात्र पुढचा अध्याय ही मंडळी सोयीस्करपणे वगळतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने संगणकावरच्या गेमच्या किमती रुपयांत लावल्या, त्यातल्या पुष्कळ डॉलरच्या भावापेक्षा बऱ्याच कमी. सेलच्या दिवसांत पाचशे-सहाशे रुपयांत गाजलेला गेम मिळू लागला. काल टॉरेंटवरून फुकट, चोरीच्या प्रती उतरवणारी तीच पोरं आज स्टीमच्या लायब्ररीत किती गेम आहेत त्याची फुशारकी मारतात, आणि त्यातले निम्मे त्यांनी उघडूनही बघितलेले नसतात! फुकटेपणा रक्तात असता तर तो एका सेलमध्ये कसा धुऊन निघाला? भाव आवाक्यात आला, पैसे देण्याची वाट सोपी झाली, तेव्हा त्याच गिऱ्हाइकाने पाकीट उघडलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण इथे गिऱ्हाइकाला लावायची की विकणाऱ्याला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

विक्रीचा आकडा आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आधीच्या पिढीला सांगावं लागलं नसतं. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर ही चैनीची वस्तू होती. ठाण्यातल्या चाळीत किती जणांकडे स्वतःचा व्हीसीआर होता? त्या वेळी कोणी विक्रीचे आकडे घेऊन बसला असता तर त्याने ठामपणे लिहिलं असतं की मराठी मध्यमवर्गाला घरी सिनेमा बघण्यात रस नाही. प्रत्यक्षात शनिवारी रात्री रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा, वर्गणी निघायची, तीन सिनेमे लागायचे आणि तिसऱ्याच्या मध्यात निम्मी चाळ सतरंजीवर झोपलेली असायची. भूक प्रचंड होती, विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि मधली वाट भाड्याने काढून दिली. यंत्राचे पैसे अडकवायचे ते भाड्याने देणाऱ्याचे. बघणाऱ्याने एका रात्रीचे द्यायचे.

आजचे गेम पार्लर तेच काम करतायत. खारघरला, नेरुळला, ठाण्यात कॉलेजांच्या आसपास गाळ्यांत चार-सहा टीव्ही, सोफे आणि तासावर पैसे. संध्याकाळी पाचनंतर फुटबॉल आणि टेकन या मारामारीच्या गेमसाठी नंबर लावावा लागतो. एका कन्सोलवर दिवसाला पंधरा-वीस पोरं हात साफ करून जातात. विक्रीच्या यादीत ते सगळं मिळून एक यंत्र. त्यांतल्या एकालाही कन्सोल नको आहे, असं कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल? या पोरांना गिऱ्हाईक करण्यासाठी कुठली कंपनी त्या गाळ्यात येऊन काही करते आहे, असं मी तरी पाहिलेलं नाही. पार्लरवाला स्वतःच्या खिशातून यंत्र घेतो, कंट्रोलरच्या काड्या सैल झाल्या की स्वतःच बदलतो.

"बाजार तयार करणं" हे बोलायला सोपं, पण ते कसं करतात याचं उदाहरण चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास आली. अटारी या गेम कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोत खड्डा खणून पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या गेल्या. खेळण्यांच्या दुकानदारांनी एकमुखाने सांगितलं, हे खूळ होतं, गेलं. आजच्या आपल्या वादातलं पहिलं वाक्य शब्दशः हेच आहे. तेव्हा निन्टेंडो काय म्हणाली? अमेरिकन पोरांना अक्कल नाही, असं म्हणाली नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानदारांना तिने सांगितलं की माल ठेवा, खपला नाही तर आम्ही परत घेऊ. जोखीम आमची. पुढे काय झालं ते तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने मारिओच्या रूपाने स्वतःच्या टीव्हीवर पाहिलं आहे, भले नकली कॅसेटवर का होईना.

हीच कंपनी २०११ मध्ये आपटली. ३डीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल अमेरिकेत २४९ डॉलरला आणला, लोकांनी पाठ फिरवली. काही महिन्यांत, ऑगस्टमध्ये, किंमत थेट १६९ वर आणली गेली. आधी घेणाऱ्यांना भरपाई म्हणून २० जुने गेम फुकट दिले. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. त्या आधी "हातातल्या कन्सोलचा जमाना गेला, आता फोन आहे" असं किती जणांनी लिहिलं होतं! ३डीएस शेवटी साडेसात कोटींच्या वर गेला. आणि त्याच कंपनीचा पुढचा, २०१२ चा वी-यू? त्याचं नाव असं की तो नवा कन्सोल आहे की आधीच्या वी या कन्सोलला जोडायचं उपकरण, हेच लोकांना कळेना. तो १ कोटी ३५ लाखांवर संपला. पण यातली मजा पुढेच आहे. वी-यूवर २०१४ मध्ये आलेला मारिओ कार्ट-८ तिथे ८० लाखांच्या घरात खपला. तोच गेम थोडा सजवून २०१७ मध्ये स्विचवर आणला तर साडेसहा कोटींच्या पार गेला. गेम तोच, मधे गेलेली वर्षं जेमतेम तीन. त्या तीन वर्षांत कोट्यवधी लोकांची आवड अचानक जागी झाली, की ती आधीपासून होतीच आणि चुकीच्या यंत्रामुळे दिसत नव्हती?

दर वेळी असं सुखान्त होत नाही, हे कबूल करायला हवं. सेगा या कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल आजही जाणकार नावाजतात. तो ९० लाखांच्या थोडा पुढे जाऊन २००१ मध्ये बंद झाला आणि सेगाने यंत्रं बनवणंच सोडलं. थंड विक्री कंपनीला मारू शकते. आपल्याकडे पेजर १९९५ मध्ये वाजतगाजत आला आणि मोबाइलने त्याला खाल्लं, तो परत आला नाही. तेव्हा माझा मुद्दा "धीर धरा, सगळं ठीक होईल" असा अजिबात नाही. कन्सोल आपल्याकडे खरोखर संपू शकतो. संपला तर तो गिऱ्हाइकाच्या आवडीअभावी संपेल, या निदानाशी माझं भांडण आहे.

यावर कंपनीवाल्यांचं शेवटचं उत्तर ठरलेलं: भारताचा बाजार एवढासा, त्यासाठी आम्ही जोखीम का घ्यावी? प्रामाणिक उत्तर आहे. त्यांनी एकेकाळी प्रयत्नही केला होता. २००९ च्या सुमारास प्लेस्टेशन-२ साठी हनुमानाचा गेम आला, गल्ली क्रिकेटचा आला. पण ते गेम खेळलेल्या कोणालाही विचारा. कमी पैशांत उरकलेलं काम लगेच कळत होतं. देशी नाव दिलं की लोक घेतील, ही समजूत होती, आणि लोकांनी ती मोडून काढली. त्यानंतर मराठी तर सोडाच, हिंदीत बोलणारा मोठा कन्सोल गेमही शोधून काढावा लागतो. प्लेस्टेशन-५ प्रो जगात नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, आपल्याकडे त्या वेळी आलाच नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा इथे खुला नव्हता. म्हणजे ठाण्यात तेव्हा त्याची अधिकृत विक्री शून्य. या शून्याचा अर्थही "भारतीयांना नको" असाच लावायचा का?

छोट्या बाजाराचं उत्तर दुसऱ्या एका गोष्टीपुढे लंगडं पडतं. अमेरिकेतल्या त्याच पडक्या नोव्हेंबरात तिसऱ्या क्रमांकावर कोण होतं? एक्सबॉक्स नाही. नेक्स प्लेग्राउंड नावाचं छोटं चौकोनी खोकं, ज्याला कंट्रोलरच नाही; कॅमेऱ्यासमोर हात-पाय हलवून सगळं घर खेळतं. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. मायक्रोसॉफ्टच्या यंत्राला त्याने मागे टाकलं. ज्या घरांना कन्सोलमध्ये रस नाही असं म्हटलं जात होतं त्याच घरांनी हे नेलं, कारण ते परवडत होतं आणि लहान मुलापासून आजीपर्यंत सगळ्यांना त्यात जागा होती. आपला तो एकच टीव्ही असलेला हॉल आठवा. अडचण म्हणून जो दाखवला जातो, त्या हॉलसाठी कोणी यंत्र बनवलं आहे का, हे आधी विचारायला हवं.

हा वाद काही हौशी पोरांपुरता राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण २०२५ मध्ये राज्य सरकारने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग अशा क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं आहे, आणि अशा धोरणांतला पैसा कुठे जावा हे ठरवताना समोर ठेवले जाणार ते असेच आकडे. "कन्सोलला इथे बाजार नाही" हे वाक्य एकदा अहवालात बसलं की तिथून ते हलत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्‌स गेम्सने बनवलेला राजी हा गेम २०२० मध्ये सर्वात आधी कुठे आला, आठवतं? स्विचवर. जो कन्सोल भारतात अधिकृतपणे विकलाच जात नाही, त्यावर. पुण्यातल्या पोरांनी भारतीय पुराणांवर गेम बनवायचा, आणि ठाण्यातल्या पोराने तो रीतसर घ्यायचा तर बिलाशिवायच्या यंत्रावर! आणि त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला. कायदा योग्यच, रमी आणि फँटसी ॲपांनी घरं बुडवली आहेत. पण त्या धुरळ्यात आई-बाबांच्या लेखी गेम म्हणजे जुगार असं समीकरण पक्कं झालं, आणि कन्सोल नावाची वस्तू, जिच्यात एकदा पैसे भरले की पैज लावायला काही नसतं, तीही त्याच कप्प्यात जाऊन पडली. दुकानातल्या फिकट पडलेल्या खोक्याच्या मागे हेही एक कारण आहे, जे कुठल्या विक्री-तक्त्यात येत नाही.

माझं म्हणणं पडताळून बघायची संधी लांब नाही. जीटीए मालिकेतल्या पुढच्या गेमची, जीटीए-६ ची, जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. आधीची २६ मेची पुढे ढकलून ही दिली. तो सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन-५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर येणार आहे, संगणकावर नाही, फोनवर तर नाहीच. आणि गोष्ट घडणार आहे पुन्हा व्हाइस सिटीत, जी आपल्या सायबर कॅफेवाल्या पिढीला ठाण्याच्या नकाशाइतकी पाठ आहे. ज्यांना वाटतं की ठाणे-नवी मुंबईत कन्सोलला गिऱ्हाईकच नाही, त्यांच्या हिशेबाने त्या आठवड्यात काहीही घडायला नको. माझ्या हिशेबाने नौपाड्यातली वरची फळी रिकामी होईल, पार्लरवाले तासाचा भाव वाढवतील, आणि महिन्याभरात वापरलेल्या सीडीसाठी लोक दुकानात नाव लिहून ठेवतील, अर्थात कंपनीने सीडी काढली तर.